परसातील कीटकांचे बिऱ्हाडकरू

पावसाळ्याच्या दिवसांत शाळेच्या आवारात दोन प्रकारचे डास सहज सापडतात. एक तपकिरी, साधासा दिसणारा. गटारात व साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा आणि रात्री कानाशी गुणगुणणारा. हा क्युलेक्स. दुसरा काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला. कुंडीखालच्या ताटलीत, जुन्या टायरात, उघड्या पिंपातल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा आणि दिवसाढवळ्या चावणारा. हा एडिस, डेंग्यूचा वाहक. या दोघांत आणखी एक फरक आहे, आणि तो भिंगाने दिसत नाही. आपल्याकडील क्युलेक्सच्या पेशींमध्ये एक जीवाणू पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाड करून राहतो. एडिस इजिप्ती या जातीत मात्र तो निसर्गतः आढळत नाही, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

या जीवाणूचे नाव वोल्बाकिया. कोणत्या कीटकात तो आहे व कोणत्या कीटकात नाही, हे अकरावी-बारावीचे विद्यार्थी स्वतः तपासून पाहू शकतील का? अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेतून या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत असा एक शालेय प्रकल्प सुरू झाला, आणि पुढे तेथील अनेक शाळांनी तो चालवला. मुले परसातून कीटक पकडून आणतात, त्यांची जात ओळखतात, त्यांचा डी.एन.ए. वेगळा करतात आणि त्यात वोल्बाकियाचा माग काढतात. आपल्याकडे हे करायचे तर काय लागेल, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मिळालेले उत्तर कसे वाचायचे, ते या लेखात पाहू.

शंभर वर्षांपूर्वीचा शोध

१९२४ साली मार्शल हर्टिग व सिमियन बर्ट वोल्बाक या दोन अमेरिकन संशोधकांना डासाच्या जननग्रंथींत अतिशय लहान जीवाणू दिसले. १९३६ मध्ये हर्टिग यांनी आपल्या सहकाऱ्याच्या सन्मानार्थ त्यांना वोल्बाकिया पिपिएंटिस असे नाव दिले. पुढे बरीच वर्षे या जीवाणूकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. तो काय करतो हेच ठाऊक नव्हते.

दरम्यान एक वेगळेच कोडे पुढे आले होते. काही ठिकाणचे डास दुसऱ्या ठिकाणच्या डासांशी जुळवले तर मादी अंडी घालीत असे, पण ती उबत नसत. उलट जोडी जमवली, म्हणजे दुसरीकडची मादी व पहिलीकडचा नर याऐवजी पहिलीकडची मादी व दुसरीकडचा नर घेतला, तर पिल्ले व्यवस्थित होत. १९७१ मध्ये येन व बार या संशोधकांनी दाखवून दिले की या कोड्याचे मूळ वोल्बाकियात आहे.

आज आपल्याला माहीत आहे की हा जीवाणू केवळ डासांपुरता नाही. निरनिराळ्या अभ्यासांचे अंदाज वेगवेगळे असले तरी कीटकांच्या एकूण जातींपैकी निदान ४० टक्के जातींत तो असावा असे दिसते. काही अंदाज दोन-तृतीयांशापर्यंत जातात. मुंग्या, माश्या, पतंग, फुलपाखरे, ढेकूण, शिवाय कीटक नसलेले कोळी आणि हत्तीरोगाचे कृमी, एवढा त्याचा पसारा आहे. माणसाच्या किंवा अन्य पृष्ठवंशी प्राण्यांच्या पेशींत तो राहत नाही, हे वर्गात आधीच सांगून टाकावे. मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो.

बिऱ्हाडकरूचे डाव

वोल्बाकिया पेशीबाहेर स्वतंत्रपणे जगू शकत नाही. एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाण्याचा त्याचा मुख्य मार्ग एकच, आईच्या अंड्यातून. शुक्रपेशीत त्याला जागा मिळत नाही. म्हणजे नराच्या शरीरात शिरलेल्या जीवाणूचा प्रवास तेथेच संपला! जीवाणूला हेतू नसतो हे खरे. पण ज्या प्रकारांमुळे लागण झालेल्या माद्यांची संख्या वाढली, तेच प्रकार टिकून राहिले. त्यातून या जीवाणूचे चार डाव आज दिसतात.

पहिला डाव डासांमधला. लागण झालेल्या नराचा बिनलागणीच्या मादीशी संयोग झाला तर अंडी मरतात. लागण झालेली मादी मात्र कोणत्याही नराबरोबर सुखरूप अंडी घालते. चारही जोड्या फळ्यावर मांडून पाहा. बिनलागणीच्या माद्यांचेच तेवढे नुकसान होते, त्यामुळे लागण समूहात पसरत जाते. बीजगणित न वापरताही नववीच्या मुलांना हे पटते.

दुसरा डाव नर मारण्याचा. हायपोलिम्नस बोलिना हे काळे, पांढऱ्या ठिपक्यांभोवती जांभळी झाक असलेले फुलपाखरू आपल्याकडेही दिसते. पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर या जातीचे नर भ्रूण वोल्बाकियामुळे मरत. २००१ साली तेथे नरांचे प्रमाण केवळ एक टक्का होते. २००६ पर्यंत ते सुमारे ४० टक्क्यांवर गेले, कारण जीवाणूचा हा डाव उलटवणारा जनुक फुलपाखरांत पसरला. उत्क्रांती पाच वर्षांत डोळ्यांदेखत घडल्याची अशी उदाहरणे थोडीच आहेत.

तिसरा डाव नरांना माद्या बनवण्याचा. तो काही भूचर कवचधारी प्राण्यांत दिसतो. चौथ्या डावाचा संबंध तर आपल्या शेतीशी पोचतो. ऊस-उत्पादक शेतकरी खोडकिडीवर उपाय म्हणून शेतात ट्रायकोकार्ड लावतात. त्या कार्डावरील अंड्यांतून ट्रायकोग्रामा ही इवलीशी गांधीलमाशी बाहेर पडते. या माश्यांच्या काही वाणांत नर नसतातच. माद्या संयोगावाचून माद्यांनाच जन्म देतात. १९९० मध्ये स्टाउटहॅमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माश्यांना प्रतिजैविक दिले, आणि पुढच्या पिढ्यांत नर जन्मू लागले. नर नसण्याचे कारण माशीत नव्हते, तिच्या बिऱ्हाडकरूत होते.

आणि तो नेहमी उपद्रवीच असतो असेही नाही. ढेकूण केवळ रक्तावर जगतो, आणि रक्तात काही ब जीवनसत्त्वे पुरेशी नसतात. ती त्याला वोल्बाकिया पुरवतो. तेथे जीवाणू काढून टाकला तर ढेकणाची वाढ खुंटते.

करून पाहा

काम चार टप्प्यांत होते. पहिले दोन कोणत्याही शाळेत करता येतात. पुढच्या दोनांसाठी जवळच्या महाविद्यालयातील जैवतंत्रज्ञान किंवा सूक्ष्मजीवशास्त्र विभागाची मदत घ्यावी लागेल.

*पकडणे व ओळखणे.* मुंग्या, चिलटे, डास, तुडतुडे, दिव्यावर येणारे पतंग असे नेहमीचे कीटक घ्यावेत. चिलटांसाठी पिकलेल्या केळ्याचा तुकडा बाटलीत ठेवला की झाले. फुलपाखरांना हात लावू नये. काही जाती कायद्याने संरक्षित आहेत. प्रत्येक कीटक वेगळ्या कुपीत ९५ टक्के अल्कोहोलमध्ये घालून फ्रिजमध्ये ठेवावा. कुपीवर पेन्सिलीने क्रमांक, ठिकाण, तारीख व पकडणाऱ्याचे नाव लिहावे. शाईने लिहिले तर ती अल्कोहोलमध्ये पुसली जाते आणि सगळी मेहनत वाया जाते. कीटकाचे चित्र काढून तो निदान कोणत्या गणातला आहे, हे मुलांनीच ठरवावे.

*डी.एन.ए. वेगळा करणे.* कीटकाच्या पोटाचा भाग घ्यावा, कारण जननग्रंथी तेथे असतात. तो लहान नळीत प्लॅस्टिकच्या बत्त्याने द्रावणात चिरडायचा, पेशींची आवरणे फोडायची, प्रथिने बाजूला करायची आणि डी.एन.ए. अल्कोहोलने खाली बसवायचा. यासाठी तयार किट मिळते. एका कीटकानंतर दुसरा हाताळण्यापूर्वी चिमटा स्वच्छ झालाच पाहिजे आणि बत्ता नवा घेतला पाहिजे. या एका वाक्याचे महत्त्व पुढे कळेल.

*पी.सी.आर.* डी.एन.ए.च्या हव्या त्या तुकड्याच्या अनेक प्रती काढण्याची ही पद्धत. द्रावण ९४ अंश सेल्सिअसला तापवले की डी.एन.ए.चे दोन धागे सुटे होतात. ५५ अंशाला ‘प्रायमर’ नावाचे छोटे तुकडे आपापल्या जागी जाऊन चिकटतात. ७२ अंशाला एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्यांच्यापुढे नवा धागा विणते. हे विकर उन्हाळ्यात, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यात, राहणाऱ्या जीवाणूपासून मिळाले, म्हणून ते उकळत्याच्या जवळचे तापमानही सोसते. एका फेरीत प्रती दुप्पट होतात. तीस फेऱ्यांनंतर एका प्रतीच्या किती होतील? मुलांना २ चा ३० वा घात काढायला सांगा. उत्तर १०७ कोटींवर जाते.

आपण एकाच नळीत प्रायमरच्या दोन जोड्या घालतो. एक जोडी वोल्बाकियाच्या रायबोसोममधील आर.एन.ए.च्या जनुकाचा ४३८ अक्षरांचा तुकडा वाढवते. दुसरी जोडी कीटकाच्या स्वतःच्या तंतुकणिकेतील एका जनुकाचा सुमारे ७१० अक्षरांचा तुकडा वाढवते. ही दुसरी जोडी कशाला, याचे उत्तर थोडे पुढे.

*जेल.* समुद्रशेवाळापासून काढलेल्या अगारोजची वडी करून तिच्यातून वीज सोडली की डी.एन.ए.चे तुकडे धन अग्राकडे सरकतात. लहान तुकडे लांब जातात, मोठे मागे राहतात. रंग देण्यासाठी इथिडियम ब्रोमाइड शाळकरी मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. आता त्याहून सुरक्षित रंग मिळतात.

पट्टे वाचायचे कसे?

जेलवर प्रत्येक कीटकासाठी एक रांग असते. रांगेत चारांपैकी एक गोष्ट दिसेल.

दोन्ही पट्टे दिसले, तर कीटकाचा डी.एन.ए. नीट निघाला आहे आणि वोल्बाकियाचा डी.एन.ए.ही त्यात आहे. फक्त मोठा पट्टा दिसला, तर डी.एन.ए. नीट निघाला, पण वोल्बाकिया सापडला नाही. एकही पट्टा नसेल, तर प्रयोगच फसला. त्या कीटकाबद्दल आपल्याला काहीही म्हणता येत नाही. फक्त लहान पट्टा दिसला, तर जीवाणूचा डी.एन.ए. आहे, पण कीटकाचा तुकडा वाढला नाही. काम पुन्हा करून पाहावे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरातील फरक ध्यानात घ्या. कीटकाच्या जनुकाची जोडी नळीत नसती, तर दोन्ही वेळा आपण ‘वोल्बाकिया नाही’ असेच लिहिले असते. ‘नाही’ आणि ‘कळले नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मोठ्या पट्ट्यामुळे त्या वेगळ्या होतात.

याशिवाय तीन रांगा कीटकांच्या नसून आपल्या स्वतःच्या परीक्षेच्या असतात. एकीत ज्यात वोल्बाकिया नक्की आहे असा नमुना, दुसरीत ज्यात तो नक्की नाही असा नमुना, आणि तिसरीत डी.एन.ए.ऐवजी नुसते शुद्ध पाणी. या रांगांवर जागा व पैसे ‘वाया’ जातात असे पुष्कळांना वाटते. आम्हालाही एकदा तसे वाटले होते.

पाण्यात बिऱ्हाड?

२०१९ च्या पावसाळ्यात तालुक्याच्या गावातील एका शाळेबरोबर आम्ही हा प्रयोग केला. अकरावीच्या मुलांनी बारा कीटक आणले होते; त्यांत क्युलेक्स, एडिस, मुंग्या, चिलटे असे सगळे होते. जेल आमच्या प्रयोगशाळेत चालवून त्याचे छायाचित्र घेऊन आम्ही शाळेत गेलो. बाराच्या बारा रांगांत लहान पट्टा होता! मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी निकाल फळ्यावर लिहिला. मुख्याध्यापक वर्गात येऊन अभिनंदन करून गेले.

तेवढ्यात मागच्या बाकावरील एका मुलीने छायाचित्राच्या कडेच्या रांगेवर बोट ठेवले आणि विचारले, “सर, ही पाण्याची रांग ना? मग पाण्यातही बिऱ्हाड आहे का?”

पट्टा होता. फिकट, पण होता. आमच्या तोंडून पटकन निघून गेले, “फार फिकट आहे, सोडून द्या.” वर्ग गप्प झाला. मुलीचे समाधान झालेले नव्हते, आणि खरे सांगायचे तर आमचेही झालेले नव्हते. डी.एन.ए. न घातलेल्या नळीत पट्टा येतो, याचा अर्थ एकच: आमच्या पाण्यात, पिपेटच्या टोकावर किंवा रसायनात कोठून तरी वोल्बाकियाचा डी.एन.ए. शिरला आहे. एका प्रतीच्या तीस फेऱ्यांत १०७ कोटी होतात, हे आम्हीच तासापूर्वी फळ्यावर लिहिले होते! मग बारांपैकी कोणता पट्टा कीटकाचा आणि कोणता आमच्या निष्काळजीपणाचा, हे कसे सांगणार?

फळा पुसावा लागला. बाईंना ते जड गेले, आम्हालाही. दोन आठवड्यांनी नवे पाणी व नवी रसायने घेऊन, प्रत्येक वेळी पिपेटचे टोक बदलून सगळे पुन्हा केले. आता पाण्याची रांग कोरी होती, आणि बारांपैकी पाच कीटकांत वोल्बाकिया होता. क्युलेक्सच्या रांगेत पट्टा कायम राहिला. एडिसच्या रांगेतला मात्र नाहीसा झाला.

एका पट्ट्यावर किती अवलंबून असते

एडिसचा तो खोटा पट्टा तसाच राहिला असता तर काय बिघडले असते? शाळेपुरते फार नाही. पण हाच प्रश्न मोठ्या प्रयोगशाळांपुढेही उभा राहिला आहे.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी चिलटातील वोल्बाकियाचा एक वाण काढून एडिस इजिप्तीच्या अंड्यांत घातला. असा जीवाणू असलेल्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. २०११ मध्ये तेथील केर्न्स शहराच्या परिसरात असे डास सोडले गेले, आणि वर सांगितलेल्या पहिल्या डावामुळे जीवाणू रानातल्या डासांत पसरला. इंडोनेशियातील योग्याकार्ता शहरात झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जेथे असे डास सोडले होते तेथे डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्याकडे पुदुच्चेरी येथील रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने वोल्बाकिया असलेल्या एडिसचे दोन वाण तयार केल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले.

हा सारा डोलारा एका गृहीतावर उभा आहे: रानातल्या एडिसमध्ये वोल्बाकिया आधीपासून नाही. असला, तर सोडलेले डास व स्थानिक डास यांचे गणितच बदलेल. गेल्या काही वर्षांत भारतासह काही देशांतून रानातल्या एडिस इजिप्तीत वोल्बाकिया सापडल्याच्या नोंदी आल्या. २०२० मध्ये काही संशोधकांनी या नोंदींची छाननी केली, आणि केवळ पी.सी.आर.च्या पट्ट्यावरून निष्कर्ष काढू नये, असे बजावले. नमुन्यात दुसऱ्या कीटकाचा किंवा कृमीचा डी.एन.ए. मिसळलेला असू शकतो. खरा बिऱ्हाडकरू असेल तर तो आईकडून पिल्लांत गेलेला दिसला पाहिजे, आणि प्रतिजैविकाने नाहीसा झाला पाहिजे. मागच्या बाकावरील मुलीचा प्रश्न आणि या संशोधकांचा प्रश्न एकच आहे.

‘सापडला नाही’ म्हणजे काय?

आता उलट बाजू. समजा, एका जातीच्या मुंग्यांपैकी २० टक्के मुंग्यांत वोल्बाकिया आहे, आणि आपण निरनिराळ्या वारुळांतून पाच मुंग्या तपासल्या. पाचही कोऱ्या निघण्याची शक्यता किती? एक मुंगी कोरी असण्याची शक्यता ०.८, पाचही कोऱ्या असण्याची ०.८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.३३. तीनपैकी एका शाळेला जीवाणू असूनही सापडणार नाही! दहा मुंग्या तपासल्या तर ही शक्यता ०.११ वर येते आणि चौदा तपासल्या तर ०.०५ च्या खाली. म्हणून वहीत ‘या जातीत वोल्बाकिया नाही’ असे न लिहिता ‘तपासलेल्या पाच मुंग्यांत आढळला नाही’ असे लिहावे. ‘निरनिराळ्या वारुळांतून’ हे शब्दही महत्त्वाचे आहेत. एकाच वारुळातल्या मुंग्या बहुधा एका आईच्या लेकी असतात, आणि वोल्बाकिया येतो तो आईकडूनच. मग पाच मुंग्या म्हणजे पाच स्वतंत्र पुरावे कसे होतील?

‘सापडला’ म्हणतानाही अशीच काळजी हवी. कोळ्याने नुकताच एखादा लागण झालेला कीटक खाल्ला असेल, किंवा सुरवंटाच्या पोटात परजीवी गांधीलमाशीची अळी वाढत असेल, तर दिसणारा पट्टा त्या पाहुण्याचा असू शकतो.

शिक्षकांसाठी

ज्या शाळांना पी.सी.आर.चे यंत्र मिळण्यासारखे नाही, त्यांनी निराश होऊ नये. यंत्रे येण्यापूर्वी संशोधक तीन तापमानांच्या पाण्याची पात्रे मांडून, हातात घड्याळ घेऊन नळ्या एकातून दुसऱ्यात हलवत असत. तीस फेऱ्या, प्रत्येक फेरीत तीन पात्रे. मुलांनी पाळ्या लावल्या तर हे आजही करता येते. तेही शक्य नसेल तर पहिला टप्पा तेवढा करावा. आवारातले पन्नास कीटक ओळखून, नोंदवून, नीट जपून ठेवले तर तो संग्रह जवळच्या महाविद्यालयाला पुढे कधीही तपासता येईल.

एवढे मात्र करावे: कोणताही प्रयोग असो, त्यात एक पाण्याची रांग असावी. पिष्टमय पदार्थांची आयोडीन चाचणी असेल तर एका परीक्षानळीत नुसते पाणी घ्यावे. बियांना खत घालून पाहायचे असेल तर एक कुंडी खताविना ठेवावी. आणि त्या रांगेत भलतेच काही दिसले, तर फळा पुसायची तयारी ठेवावी.

त्या शाळेत बाईंनी दुसऱ्या निकालाशेजारी पहिला निकालही वहीत लिहून ठेवायला सांगितला, आणि त्याखाली कारण: ‘पाण्यात पट्टा आल्यामुळे रद्द’. त्या मुलांच्या वहीतले आम्हाला सर्वांत आवडलेले पान तेच.